रंगपूर लिंबू : कूळ नव्हे, मूळ विचारा

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण मूर्तिमंत पाहावयाची असेल तर रंगपूर लिंबू या नावाचे फळ हाती घ्यावे. रंग संत्र्याचा, घाट संत्र्याचा, साल संत्र्याप्रमाणे नखाने सुटणारी, आतील फोडीही नारिंगी व रसाने भरलेल्या. आणि फोड तोंडात घालताच डोळे मिटावेत असा आंबटपणा! बाजारात हे फळ विकावयास आलेले क्वचितच दिसेल. कारण संत्रे म्हणून घेणारा ते परत करील, आणि लिंबू म्हणून मागणारा त्याचा रंग पाहूनच पुढे जाईल. परंतु ज्या फळास बाजारात कोणी विचारीत नाही, त्याच्याच मुळांवर महाराष्ट्रातील कित्येक मोसंबीच्या व संत्र्याच्या बागा उभ्या आहेत, आणि समुद्रापलीकडे ब्राझील देशात एके काळी संत्र्याचा बहुतेक सारा धंदा त्याच्याच आधाराने तगून राहिला होता. अशा या अप्रसिद्ध फळाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, आणि त्या निमित्ताने आमच्या बागाइतदारांच्या हिताची एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. रंगपूर हे उत्तर बंगालातील एक शहर. ते आज बांगलादेशात आहे. या फळास त्याच शहराचे नाव मिळाले. आपल्याच देशात त्यास ‘सुर्ख निंबू’, ‘शरबती’, ‘सिल्हेटचे लिंबू’ अशीही नावे आहेत. चीनमध्ये ते कँटनचे लिंबू म्हणून, जपानात ‘हिमे’ लिंबू म्हणून, आणि ब्राझीलमध्ये ‘लिमाव क्रावो’ म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतातील रीझनर बंधू या रोपे विकणाऱ्या गृहस्थांनी हिंदुस्थानातून त्याचे बी नेले, आणि तेथून त्याची कीर्ति पाश्चात्य बागाइतदारांत पसरली. झाड मध्यम उंचीचे, पसरट व खाली झुकणाऱ्या फांद्यांचे असते, काटे थोडे, कळ्यांवर व कोवळ्या फुटीवर जांभळट छटा दिसते. फळे विपुल लागतात, आणि पिकल्यावरही बरेच दिवस झाडावर टिकून राहतात. रसाचे सरबत उत्तम होते, लोणचे होते, सालीसह मुरंबाही होतो. म्हणजे ज्या घरच्या परसात हे झाड आहे, त्या घरी ते निरुपयोगी खास नाही. तथापि त्याची खरी योग्यता जमिनीच्या वर नसून जमिनीच्या खाली आहे.

ती सांगण्यापूर्वी त्याच्या कुळाचा विचार केला पाहिजे. हे लिंबू की आंबट संत्रे, असा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत पुष्कळ दिवस चालला होता. हल्लीच्या काळी जनुकांची परीक्षा करण्याचे शास्त्र इतके सूक्ष्म झाले आहे की, झाडाच्या पानावरून त्याचे आईबाप सांगता येतात. त्या परीक्षेत असे ठरले की, रंगपूर लिंबाची आई संत्र्याच्या घराण्यातील आणि बाप महाळुंगाच्या घराण्यातील आहे. महाळुंग म्हणजे आपल्या ग्रंथांतील मातुलुंग किंवा बीजपूर. जाड सालीचे, सुवासिक व अल्प रसाचे जे फळ कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असते, तेच. आमच्या विदर्भातील शेतकऱ्यांस चांगले परिचयाचे असलेले जंभेरी हे लिंबूही याच दोन घराण्यांच्या निराळ्या संबंधातून जन्मलेले आहे. तेव्हा जंभेरी आणि रंगपूर ही नात्याने भावंडे होत. स्वभावाने मात्र ती सारखी नाहीत, हे पुढे दिसून येईल.

संकर हा शब्द आमच्या समाजात कानांस गोड लागत नाही. उच्च कुळाची शुद्धता राखावी, मिश्रणाने नाश होतो, अशी शिकवण शतकानुशतके दिली गेली, आणि तिच्या समर्थनार्थ बीज व क्षेत्र यांचे दृष्टांत शेतीतूनच उचलले गेले. म्हणून शेतीतील खरी हकीकत काय आहे, ते एकदा पाहणे बरे. ‘नेचर’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात २०१८ साली लिंबूवर्गातील ६० वाणांच्या जनुकपरीक्षेचा निष्कर्ष छापला गेला. या वर्गाचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग आणि चीनच्या युनान प्रांताचा पश्चिम भाग यांच्या टापूत असून, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी तेथून त्याचा विस्तार झाला, असे त्यात दाखविले आहे. आपण ज्यांची लागवड करतो त्या बहुतेक फळांची मूळ घराणी संत्रे, पपनस आणि महाळुंग ही तीनच. बाकीचा परिवार बव्हंशी यांच्या आपसांतील व काही रानटी जातींशी झालेल्या संकरातून निघाला आहे. मोसंबी ज्या गोड नारिंगाच्या जातीत मोडते, तीत पपनस व संत्रे यांचे मिश्रण आहे. आपले कागदी लिंबू हे महाळुंग आणि एक रानटी जात यांचा संकर. युरोपात प्रिय असलेले मोठे पिवळे लिंबू हे कडू नारिंग व महाळुंग यांचा संकर, आणि ते कडू नारिंग पुनः पपनस व संत्रे यांचे अपत्य. फार काय, लागवडीतील बहुतेक संत्र्यांच्या अंगीदेखील पपनसाचा अंश सापडतो.

वनस्पतींच्या दृष्टांतावरून मनुष्यसमाजाचे कायदे काढावेत, असे आमचे म्हणणे नाही. तो मार्ग मुळातच चुकीचा आहे. परंतु ज्यांनी हा दृष्टांत आजवर एकाच बाजूने वापरला, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, देवाच्या नैवेद्यापासून रोग्याच्या पथ्यापर्यंत ज्या फळांवाचून आपले चालत नाही, ती बहुतेक सर्व संकराचीच फळे आहेत. त्यांचे कूळ कोणी विचारीत नाही, आणि न विचारण्यात काही बिघडलेलेही नाही.

आता मुळाकडे वळू. संत्र्याची किंवा मोसंबीची बाग बी पेरून क्वचितच करतात. बियांपासून वाढविलेल्या झाडास फळ यावयास बराच काळ लागतो, आणि त्याची मुळे आपल्या जमिनीतील रोगांस तोंड देतीलच असा भरवसा नसतो. म्हणून एका जातीचे रोप मुळासाठी वाढवावयाचे, ते सुमारे शिसपेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीस चीर देऊन चांगल्या मातृवृक्षाचा डोळा तीत भरावयाचा, डोळा फुटला की वरचा शेंडा छाटावयाचा, अशी रीत आहे. खालच्या भागास खुंट म्हणतात. झाड जन्मभर वरून मोसंबीचे व खालून खुंटाचे राहते. फळ वरच्या अंगाचे. परंतु पाणी शोधणे, क्षार सोसणे, बुरशीशी झगडणे, झाड किती वर्षे जगावे व किती फळावे यास आधार देणे, ही सर्व कामे पुष्कळ अंशी खुंटाची.

या कामास रंगपूर लिंबू दोन कारणांनी योग्य ठरले. पहिले कारण असे की, त्याच्या एका बियातून बहुधा एकाहून अधिक रोपे निघतात, आणि त्यांपैकी बहुतेक रोपे परागाच्या संबंधावाचून केवळ आईच्या पेशींपासून उत्पन्न झालेली असतात. यामुळे स्वतः संकरज असूनही हे झाड बियांतून बहुतांशी आपल्यासारखीच संतति देते. जी थोडी रोपे निराळी निघतात ती आकाराने व पानाने ओळखून वाफ्यातूनच उपटून टाकली की खुंट एकसारखे मिळतात. दुसरे कारण असे की, त्याची मुळे जोमदार असून पाण्याचा ताण चांगला सोसतात, आणि जमिनीतील क्षार व चुनखडी यांस जंभेरीच्या मानाने अधिक दाद देत नाहीत. ज्या मराठवाड्यात व विदर्भात पावसाचा भरवसा नाही, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळ गाठते, आणि काळ्या जमिनीच्या पोटात चुनखडीचा थर असतो, तेथे हा गुण किती मोलाचा आहे हे बागाइतदारास सांगावयास नको.

या खुंटाने एका देशाचा धंदा कसा वाचविला आणि पुढे त्याच देशास कसा धडा शिकविला, ही हकीकत ब्राझीलची आहे. आणि ती आमच्याकडील प्रत्येक बागाइतदाराने ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतातील गोड संत्र्यांच्या बागा पूर्वी कडू नारिंगाच्या खुंटावर उभ्या होत्या. हा खुंट डिंक्या रोगास चांगला टिकतो, म्हणून जगभर त्याची प्रतिष्ठा होती. परंतु १९३०च्या सुमारास प्रथम अर्जेंटिनात व १९३७ साली ब्राझीलमध्ये असा एक रोग दिसू लागला की, हिरवीगार झाडे काही महिन्यांत पिवळी पडून वाळून जात. लोकांनी त्यास ‘त्रिस्तेझा’ हे नाव दिले; पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘खिन्नता’ असा आहे. नाव यथार्थ होते. कारण पुढील दहा-बारा वर्षांत लक्षावधी झाडे मेली आणि त्या प्रांतातील बहुतेक बागा नष्ट झाल्या. हा रोग विषाणूचा असून मावा किडीच्या एका काळपट जातीमुळे पसरतो, हे १९४६ साली सिद्ध झाले. हा विषाणू गोड संत्र्याच्या अंगी शिरला की, खाली कडू नारिंगाचा खुंट असल्यास सांध्याखालील अन्नवाहिन्या मरतात, आणि पानांनी तयार केलेले अन्न मुळांस पोहोचत नाही. झाड उपाशी मुळांवर किती दिवस उभे राहणार?

कांपिनास येथील कृषिसंशोधन संस्थेत सिल्व्हियो मोरेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरून पाहिले. त्यांत रंगपूर लिंबाच्या खुंटावरील झाडे विषाणू अंगी असूनही टवटवीत राहिली. शिवाय तो खुंट दुष्काळ सोसणारा व लवकर फळ देणारा. मग काय विचारता! साओ पाउलोच्या नव्या बागा त्याच खुंटावर उभ्या राहिल्या, आणि काही दशकांत अशी स्थिती आली की, त्या प्रांतातील पाचांपैकी चार संत्र्याची झाडे या एकाच आंबट लिंबाच्या मुळांवर होती. पाणी देण्याच्या सोयीवाचून एवढ्या विस्तीर्ण बागा पिकविणे ब्राझीलला साधले, याचे मोठे श्रेय या खुंटास दिले पाहिजे.

परंतु एका खांबावर द्वारका उभी करण्याचे फळ कधी ना कधी भोगावे लागतेच. १९९९ साली मिनास जेराइस प्रांताच्या दक्षिण भागात व लवकरच साओ पाउलोच्या उत्तर भागात एक नवा रोग दिसून आला. फळांनी लदलेले झाड अल्पावधीत मरू लागले, म्हणून त्यास ‘आकस्मिक मृत्यु’ असेच नाव पडले. परीक्षेत असे आढळले की, रंगपूर खुंटाच्या सालीखाली पिवळा डाग पडून तेथील अन्नवाहिन्या निकामी होतात. कडू नारिंगाची कथा नव्या खुंटावर पुनः घडली! ज्या बागांत इतर खुंट होते त्या वाचल्या. बागाइतदारांनी आजारी झाडाच्या बुंध्याशी दुसऱ्या जातीची रोपे लावून ती त्याच झाडास जोडून दिली, म्हणजे जिवंत झाडास नवी मुळे बसविली, व शक्य तितकी झाडे राखली. नव्या लागवडीत मग निरनिराळे खुंट वापरण्याचा प्रघात पडला. याशिवाय कीटकांनी पसरणाऱ्या रोगांस आळा घालण्यासाठी, संत्र्याची कलमे उघड्या वाफ्यात न करता बारीक जाळीने बंद केलेल्या गृहातच केली पाहिजेत, असा निर्बंध साओ पाउलो प्रांताने २००३ सालापासून अमलात आणला. संकट आले, लोक शहाणे झाले, आणि शहाणपण कायद्यात उतरले, असा हा क्रम आहे.

आमच्याकडे काय स्थिती आहे? नागपुरी संत्र्यास २०१४ साली व जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु मानांकन फळास मिळाले. खुंटाची चौकशी कोण करतो? विदर्भात पूर्वापार जंभेरीच्या खुंटाचा प्रघात आहे. हा खुंट जोमाने वाढतो व वरचे झाडही जोमाने वाढवितो, यात संशय नाही. परंतु पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत मुळांची कूज व बुंध्यावरचा डिंक्या यांस तो लवकर बळी पडतो. ही गोष्ट लक्षात घेऊन संशोधकांनी अनेक ठिकाणी, विशेषतः मोसंबीसाठी, रंगपूर खुंटाची शिफारस केलेली आहे. नागपुरास लिंबूवर्गीय फळांसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे, अकोला, राहुरी व परभणी येथे कृषि विद्यापीठे आहेत. ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती ज्ञान आणि कलम यांची गाठ घालून देणाऱ्या व्यवस्थेची.

डोळा फुटून शेंडा छाटल्यावर कलमाकडे पाहून खुंट जंभेरीचा की रंगपूरचा, हे सामान्य शेतकऱ्यास ओळखता येत नाही. तो रोपवाटिकावाल्याच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवतो, कर्ज काढून खड्डे खणतो, विहीर खोल करतो, आणि पाच-सहा वर्षे मुलाप्रमाणे झाडे वाढवितो. बाग ऐन भरात येण्याच्या वेळी बुंध्यास डिंक सुटू लागला, किंवा एका ओळीत दहा झाडे दहा तऱ्हेची दिसू लागली, म्हणजे त्यास कळते की, मुळातच घोटाळा होता. कधी डोळ्याखालून खुंटाची फूट निघते, ती वेळीच न काढल्यास वाढते व तीस आंबट नारिंगी फळे लागतात. तेव्हा कोठे त्यास आपल्या झाडाखाली कोण उभे आहे हे प्रथम समजते! कापडात फसला तर माणूस पुढील वर्षी दुसरे कापड घेईल. बागेत फसलेल्यास गेलेली सात-आठ वर्षे कोणी परत देत नाही. संत्र्याच्या बागा वाळल्याच्या वार्ता विदर्भातून येतात तेव्हा पाण्याची टंचाई व रोग यांची चर्चा होते, ती योग्यच आहे. पण त्या चर्चेत खुंटाचे नावही निघाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, शेतकऱ्यासच स्वस्त कलम हवे असते, त्यास रोपवाटिकावाल्याने काय करावे? या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कलमाच्या किमतीतील थोड्या रुपयांचा फरक वीस-पंचवीस वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून पाहण्याचे साधन ज्याच्या हाती दिलेच नाही, त्यास स्वस्ताईबद्दल दोष देणे न्यायाचे नव्हे. शिवाय अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजना घाटासारखी गावेच्या गावे संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारागिरांचे हात डोळा भरण्यात तयार झालेले आहेत. चांगल्या कामाची लेखी खूण ठेवण्याची पद्धत पडली तर प्रामाणिक कारागिराचे त्यात हितच आहे. कारण आज त्याचे उत्तम कलम आणि दुसऱ्याचे हलके कलम बाजारात एकाच मापाने मोजले जाते.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांविषयी १९६९ सालापासून कायदा आहे आणि रोपवाटिकेस परवाना घ्यावा लागतो. परंतु परवाना भिंतीस टांगल्याने कलमाचे मूळ शुद्ध होत नाही. आमच्या मते पुढील गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. प्रत्येक कलमास खुंटाची जात, डोळ्याचा मातृवृक्ष व डोळा भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि हाच मजकूर पावतीवरही यावा, म्हणजे फसवणूक झाल्यास दाद मागता येईल. डोळे ज्या झाडांवरून घ्यावयाचे त्या झाडांची विषाणूंसाठी नियमाने परीक्षा व्हावी. कारण रंगपूर खुंटाची साल सोलवटून टाकणारा एक सूक्ष्म रोग मुख्यतः रोगी डोळ्यातून येतो, आणि डोळा निरोगी असला तर त्याचे भय पुष्कळ कमी होते. रोपे एकाच जागी वर्षानुवर्षे त्याच मातीत न वाढविता निर्जंतुक माती भरलेल्या पिशव्यांत वाढवावीत. आणि खुंटाच्या बियांसाठी खात्रीच्या रंगपूर झाडांच्या बागा सरकारने व विद्यापीठांनी राखून त्यांचे बी माफक दराने पुरवावे.

बागाइतदारांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. कलम घेताना डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच उंचीवर भरलेला आहे की नाही ते पाहावे, आणि लावताना तो सांधा मातीखाली जाऊ देऊ नये; कारण ओल्या मातीतील बुरशी त्याच वाटेने झाडात शिरते. जमिनीची परीक्षा करून चुनखडी व निचरा यांचा अंदाज घ्यावा आणि मग खुंट ठरवावा. सगळी बाग एकाच खुंटावर न लावता दोन-तीन खुंटांवर वाटून लावावी. रंगपूर लिंबाचे गुण आम्ही सांगितले ते त्याची आरती ओवाळण्यासाठी नव्हे. ब्राझीलने ज्याची आरती ओवाळली, त्याच्याखालीच पुढे पिवळा डाग पडला, हे विसरून चालणार नाही. गावोगावच्या शेतकरी संघांनी व सहकारी संस्थांनी एकत्र मागणी नोंदविली, तर चिठ्ठीवाचून कलम विकणे रोपवाटिकेस परवडणार नाही. एकट्या शेतकऱ्याच्या तोंडी विनंतीने जे साधत नाही, ते शंभर शेतकऱ्यांच्या लेखी मागणीने साधते.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असा आपल्याकडील जुना शिष्टाचार आहे. कुळापुरता तो आम्हांस मान्य आहे. फळाचे असो की माणसाचे, कूळ विचारून कोणाचेही कल्याण झालेले नाही. परंतु बागेच्या बाबतीत मुळाची चौकशी टाळणे हे सौजन्य नसून आत्मघात आहे. येत्या पावसाळ्यात जो कोणी संत्र्याची किंवा मोसंबीची कलमे घ्यावयास जाईल, त्याने भाव विचारण्यापूर्वी खुंटाचे नाव विचारावे, ते कागदावर लिहून घ्यावे, आणि लिहून देण्यास जो तयार नसेल त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे.